अंकलीच्या पुलापलीकडचा गहू

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बेकरीला पाटी कधीच नव्हती. यजमान होते तोवर लोक ‘बाबगोंडांची भट्टी’ म्हणायचे, ते गेल्यावर ‘आक्काची भट्टी’ म्हणू लागले. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस मात्र पहिल्यापासून एकच, मीरासाब. यजमानांच्या तरुणपणी दोघांनी मिळून ती रचली होती. आता मीरासाबची दाढी पांढरी झाली होती आणि माझे पाय सुजायला लागले होते, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे माल कुठून येतो हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यामागे व्यापार नव्हता, व्रत होतं. लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. त्यांच्यासमोर आम्ही नवराबायकोनं दिग्व्रत घेतलं. म्हणजे चारी दिशांना हद्द घालून घ्यायची, आणि जन्मभर त्या हद्दीबाहेर आपण जायचं नाही, बाहेरचं काही मागवायचं नाही, आणायला माणूसही पाठवायचा नाही. उत्तरेला वारणा, पूर्वेला कृष्णा, दक्षिणेला नेसरी, पश्चिमेला गगनबावडा. यजमान भट्टीवाले, त्यांनी हात जोडून विचारलं, “महाराज, मीठ तर कोकणातनं येतं. आणि सोडा कुठनं येतो ते दुकानदारालाबी ठाऊक नसंल.” महाराज हसले. मीठ, सोडा आणि औषध एवढं सोडून बाकीची हद्द पक्की झाली. अशी हद्द पुढं आत ओढता येते. मी रोज सकाळी देवासमोर ओढतेच, आज बस्तीपर्यंत, आज भट्टीपर्यंत असं म्हणून. बाहेर मात्र ढकलता येत नाही.

त्यामुळे आमची बिस्किटं खपली गव्हाची असायची, शिरोळकडच्या आकाराम मगदुमांच्या रानातली. गूळ गडमुडशिंगीच्या आमच्या शेताजवळच्या गुऱ्हाळातला, तूप तिथल्याच म्हशींचं. अंडं अर्थातच नाही. सरपण गगनबावड्याकडून यायचं, तेही वाऱ्यानं पडलेलं नाहीतर आपोआप वाळलेलं. आमच्यासाठी उभं झाड तोडायचं नाही, असं लाकूडवाल्याला बजावलेलं होतं. प्रत्येक ओंडका आधी दगडावर आपटायचा, मुंग्या, किडे बाहेर पडू द्यायचे, मगच तो आत सरकवायचा. राख भांडी घासायला पेठेत जायची, उरलेली शेताला. कागदाच्या पुड्या आम्ही बांधत नव्हतो, ज्यानं त्यानं आपापला डबा आणायचा.

लोकांना या सगळ्याचं अप्रूप वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही. व्रत घेताना अंगात उत्साह असतो. पाळावं लागतं ते रोज, पाय ठणकत असताना.

यजमान गेले तेव्हा सुतकात भट्टी थंड ठेवली होती. परत पेटवली तेव्हा वरच्या विटांच्या कमानीला तडा गेला. मीरासाबनी तो गूळ-चुन्यानं बुजवला आणि मला सांगून ठेवलं, “आक्का, आता हिला थंड होऊ द्यायची न्हाई. परत एकदा थंड पडली की कमान खाली बसंल.” तेव्हापासून भट्टीत रोज काहीतरी भाजलं जायचंच. भाजायला काही नसताना नुसतं लाकूड जाळणं मला पटलं नसतं, आणि त्यांनाही.

बहात्तर सालचा दुष्काळ आला. कोल्हापुरात नदीला पाणी तरी दिसत होतं. शिरोळकडच्या रानांत तेही नव्हतं. रेशनच्या दुकानावर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा आणि त्यासाठीही बायका उन्हात उभ्या राहायच्या. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान एकत्र आले. दिवाळीच्या आधी पेठेतल्या बायका आपापला रवा, पिठीसाखर, तूप घेऊन नानकटाई भाजायला आणतात. तो माल त्यांचा, आम्ही फक्त आच द्यायची, म्हणून त्याला माझी हद्द लागत नव्हती. दुष्काळातही डबे आले, पण छोटे छोटे. सणापुरते. दिवाळी संपली की भट्टीत घालायला आमचीच बिस्किटं, आणि त्यासाठी खपली हवी. ती संपत आली होती.

एके सकाळी मी बस्तीतून आले ती पायरीवरच टेकले. मीरासाब ओंडके आपटत होते. रोजा असल्यानं त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“आक्का, खालच्या पोत्यात हात घातला तर तळ लागतोय. आकारामचा काय निरोप?”

“काही नाही.”

“मग?”

मला बोलायचं बळ नव्हतं. “बघा कुठं मिळतोय का,” मी म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात बैलगाडीतून दोन पोती आली. मी एका पोत्याचं तोंड सोडून हात घातला. खपलीच होती, लांबट, तांबूस, चांगली कांडलेली. माझ्या जिवात जीव आला.

“आकाराम पावला म्हणायचा,” मी म्हटलं.

“पावला की,” मीरासाब म्हणाले. ते भट्टीच्या तोंडाशी वाकून निखारे सारखे करत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. धूर डोळ्यांत जातो म्हणून नसेल पाहिलं, असं मला वाटलं.

दळण आलं, बिस्किटं झाली. पेठेत वास सुटला. चार दिवस मला झोपही बरी लागली.

मग आकाराम आले. दुपारची वेळ, मीरासाब नमाजाला गेलेले. आकाराम दारातच उभे, पायांत वहाणा नाहीत, खांद्यावर फडकं.

“पाया पडतो आक्का. तोंड दावायला लाज वाटतीया.”

“या की आत. लाज कसली? एवढ्या दुष्काळात दोन पोती दिलीत.”

“कसली पोती?”

“खपलीची.”

“कुनी दिली?”

“तुम्हीच की.”

आकाराम माझ्याकडं बघतच राहिले आणि मग हसले. हसताना त्यांच्या गालाची हाडं वर आली. “आक्का, चेष्टा करतासा व्हय गरिबाची? आमच्या घरात मिलो शिजतोय. पोरं म्हंत्यात, भाकरी न्हाई ही, खापरी हाय. खपली बियाण्यापुरतीबी उरली न्हाई. तेच सांगाय आलोय, औंदा माझी वाट बघू नगासा. का दुसरा कोन आकाराम गाठ पडला तुमास्नी?”

मी उठले. आलेल्या माणसाला बिस्किट द्यायचं म्हणून सवयीनं हात डब्याच्या झाकणावर गेला आणि तिथंच राहिला. ते बिस्किट मला देववेना. मी त्यांना गूळ-पाणी दिलं. त्यांनी तांब्या वर धरून सगळं पाणी पिऊन टाकलं, “ऊन लई हाय” म्हणाले आणि एस. टी. गाठायला निघून गेले.

मी भट्टीजवळच्या बाकावर बसून राहिले. मीरासाबच्या बायकोचं, रोशनबीचं माहेर मिरजेचं. पोती घेऊन आलेला गाडीवान अंकलीच्या पुलावर गर्दी होती असं काहीसं म्हणाला होता, आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं. अंकलीचा पूल म्हणजे कृष्णा. पुलाच्या अलीकडं माझी हद्द संपते. सगळं माझ्यासमोरच होतं, मी दमलेली होते म्हणून बघितलं नव्हतं.

मीरासाब परत आले, टोपी खिशात घातली, बाह्या वर केल्या.

“कणीक मळायला घेतो, आक्का.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. रोजा धरून खोटं बोललं तर तो उपास नुसती भूक उरतो, हे त्यांनीच मला पूर्वी कधी सांगितलं होतं. मी आत्ता विचारलं तर या माणसापुढं दोनच वाटा. खरं सांगायचं आणि भट्टी घालवायची, नाहीतर खोटं बोलायचं आणि रोजा घालवायचा. सकाळपासून आगीपुढं उभं राहून, थुंकीसुद्धा जपून गिळून धरलेला रोजा. आणि न विचारता गप्प बसावं, तर आता निघणाऱ्या प्रत्येक पत्र्याबरोबर माझं व्रत मोडत होतं, जाणूनबुजून.

“आज आपला माल नको,” मी म्हटलं. “लोकांचंच भाजा.”

“का?”

“दमले मी.”

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग लोकांच्या नानकटाईचे पत्रे उचलले. त्या दुपारी आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही. पत्रा आत, पत्रा बाहेर. बायका आल्या, डबे घेऊन गेल्या, कुणी म्हणालं करपली, कुणी म्हणालं कच्ची राहिली. मी सगळ्यांना हो म्हटलं.

ऊन भिंतीवर चढलं तसे मीरासाब रोजच्यासारखं म्हणाले, “आक्का, दिवस बुडाय आलाय. जेवून घ्या जावा. माझं तोंड उघडायच्या टायमाला तुमचं बंद हुतंय.”

सूर्यास्तानंतर मी अन्नपाणी घेत नाही. हा त्यांचा जुना विनोद. दरवर्षी रमजानात ते तो करायचे आणि मी हसायची.

“आज नको जेवण,” मी म्हटलं.

“उपास हाय?”

“होईल आता.”

मशिदीतून अजान आली. त्यांनी हात धुतले, दुवा मागितली, रोशनबीनं पाठवलेली भजी फडक्यातून काढली आणि तांब्याभर पाणी प्यायले. घोट घशाखाली उतरताना त्यांचा गळा हलत होता. मी थांबले. ते सगळं खाऊन होईस्तोवर थांबले.

“मीरासाब, आकाराम आले होते.”

तांब्या त्यांनी सावकाश खाली ठेवला.

“कवा?”

“तुम्ही नमाजाला गेला होता तेव्हा.”

“मग आल्या आल्या का विचारलं न्हाईसा?”

“रोजा होता तुमचा.”

त्यांनी मान खाली घातली. बराच वेळ ते फडक्याची घडी करत राहिले, घातलेली मोडून पुन्हा घालत राहिले.

“मिरजेची हाय,” शेवटी ते म्हणाले. “रोशनबीच्या भावाकडची. लालासाबनं घरात ठिवलेली, खायाची, ती दिली. खपलीच हाय आक्का, इमानानं. त्याच कृष्णेचं पानी प्यालेली. पुलाच्या अलीकडं पिकली काय आन् पलीकडं काय, गव्हाला कळतंय व्हय?”

“गव्हाला नाही कळत.”

“मग देवाला तरी का कळावं?” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “दोन पोत्यांसाठी तुमचा देव अंकलीच्या पुलावर नाका घालून बसलाय?”

“देव नाही बसला,” मी म्हटलं. “मीच बसलेय. इतकी वर्षं.”

माझा आवाज मुळातच खालचा. पण त्यांना ऐकू गेलं. ते भट्टीला पाठ टेकून खाली बसले.

“आकाराम पावला असं तुम्हीच म्हनालासा,” ते हळू म्हणाले. “मी नुस्ता ‘पावला’ म्हनालो. तेवढंच. पर रातभर झोप न्हाई मला. आक्का, दिवाळी सरली की हिच्यात घालाय काय हाय आपल्याकडं? चार दिवस थंड पडली की कमान बसली. मालकांनी आन् मी रचलेली. मला दुसरं काय येतंय? या वयात कुनाच्या दारात उभा ऱ्हाऊ?”

“चूक तुमची नाही. मी ‘बघा’ म्हटलं, ‘कुठपर्यंत’ म्हटलं नाही. मला म्हणायला हवं होतं.”

“मग आता? वाढवा की जरा हद्द. मिरजंपातूर. तुमच्या महाराजांना इचारा.”

“वाढवता येत नाही.”

“थोडीबी?”

“थोडी वाढवली की ती हद्द राहत नाही, मीरासाब.”

भट्टीत निखारे फुटल्याचा आवाज झाला. मला तहान लागली होती, आणि ती आता सकाळपर्यंत तशीच राहणार होती. मी निखाऱ्यांकडं बघत बसले. यजमान असते तर काय केलं असतं, असा विचार मी पूर्वी करायची. त्या संध्याकाळी तोही केला नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की या भट्टीत माझं व्रत आणि या माणसाचं पोट दोन्ही एकत्र मावत नाहीत. कुणीतरी बाहेर पडायला हवं. भट्टी बाहेर पडू शकत नाही, मीरासाब पडू शकत नाहीत.

“तुम्ही कधी हद्दीचं व्रत घेतलंय?” मी विचारलं.

“मी? माझी हद्द भट्टीपासनं मशिदीपातूर. पर घेतलेली न्हाई ती, आपसूक पडलीया.”

“मग मिरजेचा गहू तुम्हाला चालतो.”

“मला काय, अमेरिकेचाबी चालतोय. मिळाला तर.”

“भट्टी आजपासून तुमची.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते उठून उभे राहिले, जसं काही मी त्यांना शिवी दिली.

“असलं कायतरी बोलू नगासा. नावाला मी मालक आन् बिस्किटं तुमचीच, असलं नाटक करायचं? लोक शेन घालतील तोंडात. म्हंतील, म्हातारीला गुंडाळलं.”

“नाटक नाही. उद्यापासून मी भट्टीत पाय ठेवणार नाही. गहू कुठला, काय भाजलं, किती खपलं, मला सांगायचं नाही. त्यातला घाससुद्धा मला नको. माझ्यापुरतं गडमुडशिंगीचं शेत देतं. लोकांना मी स्वतः सांगेन.”

“मालकांनी रचलेली भट्टी, आक्का.”

“तुम्हीही रचलीत.”

“तुम्ही गेल्यावर मी हितं काय करू?” हे ते इतकं पटकन बोलून गेले की दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. मग त्यांनी बाह्या खाली केल्या, पुन्हा वर केल्या. “बरं. माझं एक ऐका. पाऊस पडू दे, आकारामचं रान पिकू दे. मग मी पुलापलीकडचा दाना आनणार न्हाई. तुमची हद्द ती माझी हद्द. हे मी आत्ता, रोजा सोडलेल्या तोंडानं...”

“थांबा,” मी म्हटलं. “वचन देऊ नका.”

“का? पाळीन की.”

“पाळाल. म्हणूनच नको. फार जड जातं, मीरासाब. पुढच्या वर्षी वाटलं तर आणा अलीकडचा गहू. नाही वाटलं तर नका आणू. रोज सकाळी उठून मोकळ्या मनानं भट्टी पेटवा. एवढं तरी एकाला मिळू दे.”

मी बाकाचा आधार घेऊन उठले. बिस्किटांचा डबा तिथंच होता, चार दिवसांच्या मालातला उरलेला. तो मी त्यांच्याकडं सरकवला. भिंतीला हात लावत अंगण ओलांडून घरात गेले. सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसले, पण मन जागेवर बसलं नाही. माळ हातात होती आणि मी भट्टीचा आवाज ऐकत होते. ते कणीक मळत होते. उद्याच्या मालाची.

दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन घडलेलं सगळं पंडितांना सांगितलं आणि चुकीचं प्रायश्चित्त म्हणून वर्षभर तूप सोडलं. पंडित म्हणाले, “आक्का, या वयात तूप सोडू नका, दुसरं काही सोडा.” मी म्हटलं, दुसरं कालच सोडलं.

घरी आले, चूल पेटवली, एकटीपुरता भात घातला. किती घालायचा हा अंदाजच चुकला. इतकी वर्षं भात भट्टीच्या कामाच्या मधे उठून व्हायचा, आज सगळी दुपार समोर मोकळी पडली होती. मी उंबऱ्याशी येऊन बसले.

एवढ्यात गल्लीतून बयाबाईचा आवाज आला. ही आमच्या समोरच्या घरातली. हिचा आवाज रंकाळ्यावर ऐकू जातो असं लोक म्हणतात. डोक्यावर रव्याचा डबा, काखेत तुपाचा गडू, घामाघूम.

“आक्का! ह्यो काय परकार हाय? मी भट्टीवर गेले तर मीरासाब म्हंतोय, आक्कांना इचारू नगा, माझ्याकडं द्या. मी म्हनलं, का रं बाबा, तू कवापासनं मालक झालास? तर ह्यो खाली बघून उभा. भांडलासा काय?”

“नाही गं. भट्टी त्यांची आहे आता.”

“काय?”

“भट्टी त्यांची आहे.”

“मोठ्यानं बोला की जरा! सगळ्या जल्मात तुमचा आवाज काय मला ऐकू आला न्हाई.”

“भट्टी मीरासाबची आहे!” मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. माझाच मला दचका बसला.

बयाबाईनं डबा खाली उतरवला. कमरेवर हात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. हिला आता सगळं सांगावं लागणार, मग हिच्याकडून साऱ्या पेठेला कळणार, मग एकेक जण येऊन विचारणार, असं मनात आलं आणि नुसत्या त्या विचारानंच मला थकवा आला. पण तिनं विचारलं भलतंच.

“पाय दावा बघू.”

मी लुगडं जरासं वर केलं. तिनं बोटानं घोट्यावर दाबलं, खळगा पडला, तो भरून येईना.

“आन् हे पाय घिऊन तुम्ही रोज तिथं उभ्या ऱ्हात हुतासा?” ती म्हणाली. “बसा आता. लई बरं झालं म्हनायचं का वाईट झालं, ते तुमचं तुम्ही बघा. माझी नानकटाई मातूर बिघडाय नगो.”

तिनं पुन्हा डबा डोक्यावर घेतला, गडू काखेत मारला आणि अंगणातूनच भट्टीकडं तोंड करून ओरडली, “ओ मीरासाब मालक! माझी नानकटाई करपली तर बघा हां, मालक!”

मी भिंतीकडं बघत राहिले. पलीकडं पत्र्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. मग एक पत्रा आत सरकल्याचा आवाज आला.